इन्सुलिनने कॅन्सर होतो का? २००९ पासूनच्या गोंधळाचा हिशेब

गोदाकाठ (धागाकर्ता)

"सुई लागली की माणूस संपला" हे आपल्याकडं जुनंच आहे. आता त्याला नवं शेपूट फुटलंय: "इन्सुलिनने कॅन्सर होतो." हे शेपूट अगदीच हवेतून आलेलं नाही, त्यामुळं नुसतं "अफवा" म्हणून झटकून भागत नाही. मूळ काय ते मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

२००९ च्या जूनमध्ये 'डायबेटोलॉजिया' या वैद्यकीय नियतकालिकाने एकाच वेळी चार अभ्यास बाहेर काढले: जर्मनी, स्वीडन, स्कॉटलंड आणि ब्रिटन. विषय मुख्यतः ग्लार्जिन, म्हणजे दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन. गाजला तो जर्मन अभ्यास, विम्याच्या नोंदींतल्या १,२७,०३१ रुग्णांचा. त्यात सरळ आकडे पाहिले तर ग्लार्जिनवाल्यांत कॅन्सर जास्त नव्हता. पण त्यांचे डोस मुळात कमी होते. डोस जमेस धरून गणित मांडल्यावर साध्या मानवी इन्सुलिनच्या तुलनेत १० युनिटला १.०९ पट आणि ५० युनिटला १.३१ पट धोका निघाला. स्वीडनमध्ये फक्त ग्लार्जिन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर साधारण दुप्पट दिसला, मात्र ग्लार्जिनसोबत दुसरं इन्सुलिन घेणाऱ्यांत तसं काही दिसलं नाही. आता ग्लार्जिनच दोषी असेल तर दुसरं इन्सुलिन जोडल्याने ते निर्दोष कसं झालं? ब्रिटनच्या अभ्यासात इन्सुलिन-इन्सुलिनमध्ये फरक नाही, पण मेटफॉर्मिन ही साखरेची नेहमीची गोळी घेणाऱ्यांपेक्षा इन्सुलिनवाल्यांत कॅन्सर जास्त, १.४२ पट.

हे चारही अभ्यास नोंदवह्या चाळून केलेले. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, डॉक्टरांनी रुग्ण बघून ठरवलेलं होतं. सगळी मेख इथं आहे.

चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास २०१२ साली आला, 'ओरिजिन'. ४० देश, १२,५३७ माणसं, निम्म्यांना ग्लार्जिन, निम्म्यांना नेहमीचे उपचार, सरासरी सहा वर्षांवर पाठपुरावा. कॅन्सरचं गुणोत्तर निघालं १.००. म्हणजे ना जास्त, ना कमी. त्यानंतर २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने सगळा पुरावा पुन्हा तपासून ग्लार्जिनने कॅन्सर वाढत असल्याचं दिसत नाही असा निर्वाळा दिला.

मांजराकाठ

हे सगळं ठीक. पण नोंदवहीत जास्त दिसलं ते कामून दिसलं? आकडे खोटं बोलायलेत का?

बालाघाट

आकडे खोटं बोलत नाहीत भाऊ, आपण त्यांना चुकीचा प्रश्न विचारतो.

पहिली गोष्ट, इन्सुलिनवर कोण जातं? ज्याचा मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा आहे, पोट सुटलेलं आहे, गोळ्या पुरत नाहीत. मेटफॉर्मिनवर कोण असतं? नवा, तरुण, किडनी चांगली असलेला. या दोघांची तुलना म्हणजे मोंढ्यातल्या हमालाची आणि गादीवरल्या अडत्याची कंबर मोजण्यासारखं. अडत्याची कंबर गादीने वाढली असं म्हणायचं का?

दुसरी, वय आणि चरबी या दोन्ही गोष्टी मधुमेहाचीही मुळं आहेत आणि कॅन्सरचीही. अमेरिकेतल्या मधुमेह आणि कॅन्सर संस्थांनी २०१० साली मिळून अहवाल काढला होता. टाइप २ (बहुधा मोठेपणी होणाऱ्या) मधुमेहात यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त, मोठं आतडं, स्तन आणि मूत्राशय १.२ ते १.५ पट, आणि प्रोस्टेट उलट कमी. हा धोका मधुमेहाबरोबर येतो. सुई लागली नसली तरी तो आहेच.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी: उलटं कारण. स्वादुपिंडाचा कॅन्सर कधीकधी आधी साखर बिघडवतो आणि गाठ नंतर सापडते. पन्नाशी-साठीच्या माणसाची साखर अचानक ३०० वर जाते, गोळ्यांना दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन सुरू होतं. चार-सहा महिन्यांनी कावीळ होते आणि सोनोग्राफीत गाठ दिसते. घरचे म्हणतात, "सुई लावली आणि कॅन्सर झाला." प्रत्यक्षात कॅन्सर आधीच होता आणि त्याच्यामुळंच सुई लागली.

म्हणून हे पाठ करून ठेवा: पन्नाशीनंतर नवा मधुमेह किंवा जुना अचानक बिघडलेला, आणि सोबत विनाकारण वजन उतरणं, भूक जाणं, पाठीत घुसणारी पोटदुखी किंवा पिवळे डोळे यातलं काहीही असेल तर साखरेवर न थांबता पोटाची तपासणी मागून घ्यायची. साध्या सोनोग्राफीत स्वादुपिंड गॅसमुळं नीट दिसत नाही. शंका राहिली तर कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) देऊन सीटी स्कॅन. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात, मधुमेह्याचं तर बघायलाच हवं.

तेरणा

जीवशास्त्राची बाजू मी मांडते, कारण "इन्सुलिन वाढीचं हार्मोन आहे" हे वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खरंच जास्त घात करतं.

पेशीवर इन्सुलिनचं कुलूप वेगळं आणि आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाचं वेगळं. दोन्ही कुलपं सख्ख्या भावांसारखी, त्यामुळं इन्सुलिनची किल्ली दुसऱ्यात थोडीफार फिरते. ती जास्त फिरली तर पेशी वाढायला चिथावणी मिळू शकते. ही भीती कागदावरची नव्हे. बी-१० या जागी एक अमिनो आम्ल बदलून बनवलेल्या 'एक्स-१०' नावाच्या इन्सुलिनने मादी उंदरांत स्तनाच्या गाठी केल्या होत्या, त्यामुळं ते औषध बाजारात आलंच नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या इन्सुलिनची ही परीक्षा होते.

ग्लार्जिनमध्ये ए-२१ या जागी ग्लायसिन घातलंय आणि बी साखळीच्या शेपटाला दोन आर्जिनिन जोडलीत (दोन्ही अमिनो आम्लंच). परीक्षानळीत ते आयजीएफ-१ च्या कुलपाला मानवी इन्सुलिनपेक्षा जास्त चिकटतं, हे खरं. पण माणसाच्या कातडीखाली टोचल्यावर ती दोन आर्जिनिन लवकरच तुटून पडतात. रक्तात फिरतो तो मुख्यतः एम-१ हा तुकडा, आणि तो जास्त चिकटत नाही. नळीत जे असतं ते रक्तात टिकतच नाही, आणि घबराट पसरली ती नळीवरून.

आणखी एक. टाइप २ वाल्याच्या अंगात सुई लागायच्या कितीतरी वर्षं आधी स्वतःचंच इन्सुलिन भरमसाट असतं. पोटाच्या चरबीमुळं ते लागू होत नाही, म्हणून स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट ओततं. इन्सुलिनची भीती वाटत असेल तर त्या वर्षांची वाटायला हवी, आणि तिथला उपाय कंबर कमी करणं.

कंधारचा किल्ला

ओरिजिनवर एवढी भिस्त ठेवू नका. सहा वर्षांत कॅन्सर उगवून दिसेल असं थोडंच आहे. शिवाय त्यातली माणसं सुरुवातीच्या टप्प्यातली, काही तर मधुमेहाच्या सीमेवरची. डोसही शेवटी वजनाच्या किलोमागे ०.४० युनिटच्या आसपास. जर्मन शंका तर मोठ्या डोसबद्दल होती.

गोदाकाठ

हरकत रास्त आहे. सहा वर्षांत कॅन्सर सुरू होऊन दिसणं अवघड, पण आधीच दबा धरून बसलेला कॅन्सर इन्सुलिनने वेगात वाढत असता तर सहा वर्षांत तो दिसला असता. २००९ ची शंका तीच होती, कारण ते अभ्यासही थोड्या वर्षांचेच होते.

लांबच्या मुदतीसाठी टाइप १ कडं बघा, ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. यातली बरीच माणसं लहानपणापासून रोज टोचतात. २०१६ साली ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, फिनलंड, स्कॉटलंड आणि स्वीडन या पाच देशांच्या नोंदी एकत्र केल्या. सगळे कॅन्सर मिळून पुरुषांत १.०१ पट, बायकांत १.०७ पट. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा सामान्य लोकांपेक्षा कमीच. यकृत, स्वादुपिंड यांसारख्या काहींचा जास्त. आणि ज्यांचं निदान नुकतंच झालंय त्यांच्यात धोका सर्वांत जास्त, पुढं तो उतरत गेला. इन्सुलिन साचून कॅन्सर होत असता तर चित्र उलटं दिसलं असतं.

कंधारचा किल्ला

हे पटलं. मोठ्या डोसचा प्रश्न मात्र मी सोडणार नाही. १०० युनिटच्या वर डोस गेला तर "अजून १० वाढवा" म्हणण्याआधी एवढं का लागतंय हे बघायलाच पाहिजे.

चाळीस आणि शंभर

तेच लिहायला आलो. मी औषधाच्या दुकानाच्या बाजूने सांगतो. डोस वाढत जाण्याची तीन कारणं वारंवार दिसतात, आणि एकातही शरीराचा दोष नाही.

एक, सिरिंज. आपल्याकडं कुपी बहुतेक ४० युनिट प्रति मिली, इन्सुलिन पेनची कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिली. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने "२०" पर्यंत ओढलं तर ०.२ मिली येतं, म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. साखर उतरत नाही, डोस वाढत जातो, पेशंट म्हणतो इन्सुलिन लागू पडेना. उलटा प्रकार जिवावरचा: पेन बिघडलं म्हणून १०० च्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने "२०" ओढलं तर ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. तासाभरात घाम, थरथर, शुद्ध हरपणं. दुकानातून कुपी घेताना लेबलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघायचाच. सिरिंजची सुई खुपसून थेट कार्ट्रिजमधून ओढायचा जुगाडही करू नका, आत हवा शिरते आणि पुढचे डोस चुकतात.

दोन, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात ४० च्या पुढं जातं, त्यात भारनियमन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीजरच्या भिंतीला न टेकवता. एकदा गोठलं की फेकायचं, वितळून चालत नाही. चालू कुपी ३० अंशांच्या आत असेल तर साधारण चार आठवडे. नेमकी मुदत तुमच्या कुपीच्या कागदावर बघा. फ्रीज नसेल तर मातीची दोन मडकी: मोठ्यात लहान ठेवायचं, मधल्या फटीत ओली वाळू, वरून ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्यावर. कुपी कोरड्या डब्यात घालून लहान मडक्यात. कोरड्या उन्हाळ्यात हे छान थंड राहतं. श्रावणात हवेतच ओल असते, वाळूचं पाणी उडत नाही, मग मडकं काही कामाचं नाही. मोटारसायकलच्या डिकीत आणि एसटीच्या खिडकीशी तर मुळीच नको. पांढुरकं मिक्स इन्सुलिन (जलद आणि लांब पल्ल्याचं एकत्र) तळहातात दहा वेळा फिरवल्यावर एकसारखं दुधाळ व्हायला हवं. काचेला दाणे चिकटलेले दिसले तर ते वाया गेलं. ग्लार्जिन मात्र पाण्यासारखं स्वच्छच असतं, ते गढूळ दिसलं तर टाका.

तीन, गाठी. हे डॉक्टरांनी किंवा नर्सताईंनी लिहावं.

नर्सिंग स्टेशन

लिहिते. "सुईच्या जागी गाठ आली, कॅन्सर तर नाही ना?" हा प्रश्न ओपीडीत ठरलेला. रोज एकाच बोटभर जागेत टोचलं की चरबी तिथं जमून मऊ, रबरासारखा फुगवटा येतो. कॅन्सरशी त्याचा संबंध नाही. पण तिथं दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथंच टोचतो, आणि इन्सुलिन कधी उशिरा तर कधी एकदम उतरतं. सकाळी २८०, दुपारी ६०, असा खेळ. क्वचित खूप टणक गाठ येते, इन्सुलिनचाच प्रथिनांचा थर साचून. ती दाखवायचीच.

गाठ कळण्यासाठी नुसतं बघून भागत नाही. उभं राहून, तेल लावून, बोटं सपाट ठेवून पोटावरून हळूहळू फिरवा. कातडी चिमटीत नीट उचलली जात नसेल तर ती जागा वर्ज्य. पोटाचे चार भाग करा, आठवड्याला एक भाग, आणि दोन टोचण्यांत एका बोटाचं अंतर. बेंबीपासून दोन बोटं दूर. ४ मिलिमीटरची सुई जाड माणसालाही पुरते, सरळ ९० अंशांत. पेन असेल तर दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून थेंब आलेला बघायचा, डोस दिल्यावर बटण दाबून ठेवून दहा आकडे मोजायचे, मग सुई काढायची. एका सुईवर महिना काढणारे आहेत. सुई बोथट होते आणि गाठी त्यानेही वाढतात.

आणि हे विसरू नका: गाठीची जागा सोडून ताज्या जागी टोचलं की तोच डोस जास्त लागू होतो, साखर कोसळते. म्हणून जागा बदलायच्या दिवशी डॉक्टरांना विचारून डोस कमी करतात, साधारण दहा-वीस टक्के, आणि काही दिवस जास्त वेळा साखर तपासतात. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शेंगदाण्याची चिक्की नको, तेलामुळं साखर चढायला वेळ लागतो.

मांजराकाठ

ताई, हे प्रिंट काढून दवाखान्यात लावायला पाहिजे.

बरं, सुई सुरू झाली की वजन वाढतंच म्हणतात. मग चरबी वाढली, म्हणजे फिरून तोच धोका ना?

तेरणा

चांगला प्रश्न. साखर वाढलेली असते तेव्हा ती लघवीवाटे जाते. दिवसाला ५० ग्रॅम गेली तरी २०० कॅलरी वाहून गेल्या. इन्सुलिनने ती गळती थांबते, पण ताट तेवढंच राहतं. म्हणून दोन-चार किलो वाढतं. दुसरं कारण साखर उतरायची भीती, त्यापोटी मधेमधे बिस्किटं. डोस जास्त असल्यामुळं खावं लागत असेल तर डोस कमी करायचा असतो, बिस्किटं वाढवायची नसतात.

आणि ज्वारी चांगली म्हणून चार-चार भाकरी खाऊ नका. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं आहेत. भाकरी दोन, बाजूला पालेभाजी आणि डाळ किंवा पिठलं भरपूर, असं ताट लावा. मेटफॉर्मिन किडनी चालवून घेत असेल तर इन्सुलिनसोबतही सुरू ठेवतात, त्याने डोसही कमी राहतो आणि वजनही.

औंढा

मेटफॉर्मिनने कॅन्सर टळतो असंही वाचलंय. मग ज्यांना साखर नाही त्यांनीही घ्यावी का?

गोदाकाठ

नाही. तोही नोंदवह्यांतून निघालेला समज. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, पण मधुमेह नसलेल्या ३,६४९ जणींवर चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला, निकाल २०२२ साली आला. कॅन्सर परतण्यात फरक पडला नाही. ज्या पद्धतीने इन्सुलिन बदनाम झालं त्याच पद्धतीने मेटफॉर्मिनचा उदोउदो झाला होता.

औषधाबद्दल खरोखर विचारायचंच असेल तर पायोग्लिटाझोन या साखरेच्या गोळीबद्दल विचारा. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून २०१३ च्या जूनमध्ये आपल्या सरकारने ते थांबवलं होतं आणि जुलैअखेर इशाऱ्याची चौकट छापण्याच्या अटीवर पुन्हा सुरू केलं. मूत्राशयाचा कॅन्सर असेल किंवा होऊन गेला असेल, लघवीत रक्त येत असेल आणि कारण सापडलेलं नसेल, तर ती गोळी नकोच.

बालाघाट

आता उलट बाजू, जी जास्त जणांच्या कामाची आहे: कॅन्सर झालाय आणि मधुमेहही आहे. इथं लोक घाबरून इन्सुलिन बंद करतात आणि तिथंच घात होतो.

केमोच्या आधी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने साखर भडकते, आणि त्याचा असर दीड-दोन दिवस राहतो. जेवणानंतरची साखर, खास करून दुपारी-संध्याकाळी, ३५०-४०० होऊ शकते, उपाशीपोटी मात्र बरी दिसते. म्हणून फक्त सकाळची उपाशी साखर तपासून "सगळं ठीक" म्हणणं फसवं. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस दुपारचं आणि रात्रीचं जेवण झाल्यावर दोन तासांनी तपासा आणि आकडे वहीत लिहून न्या. स्टेरॉइड उतरलं की वाढवलेला डोसही उतरवायचा असतो. तो तसाच चालू ठेवला तर चौथ्या दिवशी साखर कोसळते.

उलट्या होऊन जेवण जात नसेल तर लांब पल्ल्याचं इन्सुलिन एकदम बंद नाही. जेवणाचं इन्सुलिन जेवल्यानंतर, खाल्लं तेवढ्यापुरतं. मिक्स इन्सुलिन असेल तर अशा दिवशी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय टोचू नका, त्यातला जलद भाग उपाशी पोटी खाली ओढतो. टाइप १ वाल्याने तर कोणत्याही दिवशी इन्सुलिन सोडायचं नाही. दिवस-दोन दिवसांत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्लं) चढतात: उलट्या, पोटदुखी, खोल धाप, श्वासाला कुजक्या फळासारखा वास. इम्युनोथेरपी (कॅन्सरविरुद्ध प्रतिकारशक्ती चेतवणारे उपचार) चालू असणाऱ्याला आधी मधुमेह नसला तरी हे अचानक होऊ शकतं. खूप तहान आणि खूप लघवी लागली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

औंढा

पेट स्कॅनसाठी (कॅन्सर कुठंकुठं आहे ते बघायला) संभाजीनगरला जाताना इन्सुलिनचं काय करायचं?

नर्सिंग स्टेशन

स्कॅनमध्ये टोचतात ती साखरच असते, किरणोत्सारी खूण लावलेली. इन्सुलिन नुकतंच टोचलं असेल तर ती साखर स्नायूंत खेचली जाते, चित्र धूसर येतं. म्हणून जलद इन्सुलिन आणि त्या इंजेक्शनमध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवतात. रक्तातली साखर साधारण २०० च्या आत हवी, नाहीतर तारीख पुढं जाते आणि फेरा वाया. मेटफॉर्मिनने आतडी चमकतात, म्हणून बरीच केंद्रं ती दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. परस्पर थांबवू नका, तारीख घेतानाच केंद्राला विचारा. मधुमेह्याने सकाळी लवकरची वेळ मागावी, उपास लांबत नाही. लांब पल्ल्याचं रात्रीचं इन्सुलिन किती घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी सोबत असू द्या.

कंधारचा किल्ला

आणि सुईला घाबरणारे गायछाप तंबाखू मळत असतात, हे कुणी लिहिलंच नाही. तंबाखू-सुपारीने तोंडाचा कॅन्सर होतो, यात नोंदवहीचा गोंधळ नाही. साखर तपासायला आरोग्य केंद्रात गेलात की तिथंच तोंड उघडून दाखवा. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिथं होते, पैसे लागत नाहीत. तोंड तीन बोटं उघडत नसेल, पांढरा-लाल चट्टा असेल किंवा तीन आठवडे न भरणारी जखम असेल तर "साखरेमुळं भरेना" म्हणून बसू नका, तुकडा तपासायला (बायोप्सीला) द्या.

चाळीस आणि शंभर

तुकडा काढायला जाताना साखरेच्या गोळ्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, दोन्हींची यादी न्या. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल मधुमेह्यांच्या पिशवीत हमखास असतात, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर बरेच जण "बीपीची गोळी आहे" एवढंच सांगतात. गोळ्यांचं पाकीटच न्या.